उसना पाय

शेजारी साखर मागायला येतात, शिडी मागायला येतात. आमचे शेजारी माझा उजवा पाय मागायला येतात. शनिवारी सकाळी बेल वाजते, दारात साहेब उभे असतात. आधी हवेची चौकशी होते, मग मुलांची, आणि मग हळूच विचारणा होते, “आज पाय मोकळा आहे का?” सुरुवातीला नवरा वर्तमानपत्राआडून बघायचा. आता तो परस्परच “आहे, आहे” म्हणून सांगतो.

साहेब म्हणजे खरोखरचे साहेब. जन्म कॉव्हेंट्रीचा, उभी हयात कॉव्हेंट्रीतल्याच एका मोटारीच्या कारखान्यात गेलेली. आपल्याकडे बँकेतला माणूस निवृत्त झाला की पासबुक भरायलासुद्धा मुलाला पाठवतो. साहेब निवृत्त झाले आणि घरच्या गॅरेजमध्ये मोटार बांधायला बसले. एक बांधली, विकली. मग दुसरी सुरू केली. तोंडावर आम्ही एकमेकांना नावानेच हाक मारतो, तशी इथली पद्धत आहे. पण पंचाहत्तरीच्या माणसाला कागदावरही नुसत्या नावाने हाक मारायला माझा हात, कोल्हापूरचा असूनही, धजत नाही. तेव्हा ते साहेब, आणि त्यांच्या सौभाग्यवती मडमबाई.

मोटार बांधणं हा तसा एकलकोंड्या माणसाचा उद्योग. चासी वेल्ड करायला दुसरं कोणी लागत नाही. इंजिन उचलायला भाड्याने छोटी क्रेन मिळते. वायरिंग करताना तर दुसरा माणूस नसलेलाच बरा. महिनोन्‌महिने साहेब, रेडिओ आणि एक पिवळा दिवा एवढ्यावर काम चालतं. पण ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली की एक माणूस चाकाशी लागतो आणि एक पेडलवर, आणि चाकाशी वाकलेल्याचा हात काही पेडलपर्यंत पोचत नाही. अख्ख्या बांधकामात हा एकच टप्पा असा, की एकलकोंड्या माणसाला उठून, हात पुसून, शेजाऱ्याची बेल वाजवावी लागते. इंग्लंडात पब बंद पडत चाललेत, चर्चची मंगल कार्यालयं होताहेत. तरीही शेजारधर्म शिल्लक आहे, तो ब्रेकमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकट्याने हवा काढायचं यंत्रही मिळतं. बाटलीत ब्रेक ऑइल भरायचं, बाटली स्टेपनीच्या टायरला जोडायची, आणि टायरमधल्या हवेच्या दाबाने ऑइल ब्रेकमध्ये ढकलायचं. हवा काढायला हवाच वापरायची, ही कल्पना मला फार आवडली. साहेबांनी ते यंत्र पहिल्या मोटारीच्या वेळी वापरलं होतं. झाकण नीट बसलं नव्हतं. ब्रेक ऑइल रंगाचं वैरी. जिथे पडेल तिथला रंग सुरकुततो आणि सोलून निघतो. मडमबाईंचा बागेतला हिरवा बाक त्या दिवशी गॅरेजच्या दारात उभा होता. तो बाक अजून आहे, निम्मा हिरवा. तेव्हापासून मडमबाईंनी ब्रेकच्या खात्याचा राजीनामा दिला, आणि जागा रिकामी झाली.

त्या जागेवर माझी निवड गुणवत्तेवर झाली. साहेबांची मोटार लोटस सेव्हनच्या वळणाची: लांब नाक, उघडं डोकं, जमिनीला टेकलेली बैठक. पाय ठेवायचा बोगदा इतका चिंचोळा, की धिप्पाड इंग्रज माणसाने ब्रेक दाबला तर क्लचही दबतो आणि ॲक्सिलरेटरही. या गाड्या चालवणारे हौशी लोक त्यासाठी निमुळते बूट शोधत फिरतात. साहेबांचा पाय अकरा नंबरचा, नवऱ्याचा नऊ. माझा चार. बूट काढून, लोकरीचा मोजा घालून मी आत उतरले, तेव्हा साहेबांनी माझ्या पायाकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर त्यावर लग्नातसुद्धा पडली नव्हती.

आता ही मोटार घरी बांधायची काय हौस, असं कोल्हापूरहून बहीण फोनवर विचारते. तिला मी सांगते, की या खुळाचं मूळ कर वाचवण्यात आहे. हे कळल्यापासून मलाही इंग्रज माणूस आपलासा वाटायला लागला आहे. महायुद्धानंतरच्या काळात इथे तयार मोटारीवर खरेदी कर होता, पण सुट्या भागांतून स्वतः जोडलेल्या मोटारीवर तो लागत नसे. लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली सेव्हन आणली, ती बहुतेक खोक्यांतूनच विकली. कायद्याची अट अशी, की खोक्यात जोडणीच्या सूचना असता कामा नयेत. तेव्हा लोटसने, असं सांगतात, गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या. घेणाऱ्याने त्या शेवटाकडून वाचायच्या. हा किस्सा इथल्या प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतो. पुण्यात असता तर चॅपमनचा जाहीर सत्कार झाला असता.

१९७३ साली खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याकडे सोपवले. ते आजही ती गाडी विकतात. सवलत गेली, खूळ राहिलं. मग १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांनी अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा, असं सांगणारं पुस्तक काढलं. चौकोनी नळ्या आणा, भंगारातली जुनी फोर्ड आणा, आणि लागा कामाला. साहेबांकडे त्याची प्रत आहे. पानोपानी ग्रीसचे अंगठे उमटलेत. मुखपृष्ठावर जिथे अडीचशे पौंड छापले आहेत तिथे मडमबाईंनी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे. बारीक, पण ठळक.

पुस्तकातल्या गाडीला मागे साधे ड्रम ब्रेक होते. साहेबांना ते नको होते. त्यांनी फोर्ड सिएराचे डिस्क ब्रेक आणले. सिएरा १९८२ ते १९९३ पर्यंत निघत होती. सगळ्यांना मागे डिस्क नव्हती, वरच्या मॉडेलना होती. आता खरं सांगायचं तर या गाडीला मागे डिस्कची गरजच नाही. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. ज्या सिएराचे हे ब्रेक, ती हजार किलोंच्या वरची. साहेबांची मोटार साधारण ६०० किलोंची, माझ्यासकट. मागे ड्रम पुरले असते. पण जाळीच्या चाकातून आतली डिस्क चमकताना दिसते, ड्रम दिसत नाही, आणि या एका कारणासाठी जगभर किती पैसा खर्च होतो याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

साहेब मात्र हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते हा गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. डिस्क ब्रेकचं एक पेटंट फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली घेतलं, तो माणूस शेजारच्या बर्मिंगहॅमचा. आणि १९५३ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या सी-टाइपने डनलपच्या डिस्क ब्रेकच्या जोरावर बाजी मारली, ती गाडी कॉव्हेंट्रीची. बाकीचे लोक वळणाच्या किती तरी आधीपासून ब्रेक तापवत होते आणि आमचे लोक उशिरा दाबून पुढे निघत होते, असं साहेब सांगतात तेव्हा त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. अशा गावात राहून मागे ड्रम लावायचे? मी गप्प बसले. आमच्याकडेही तांबड्या रश्श्याबद्दल असंच आहे.

कॅलिपर बसवणं मी दुरून पाहिलं, म्हणजे उलट्या ठेवलेल्या दुधाच्या क्रेटवर बसून. पाहण्याजोगी गोष्ट आहे. हबमागच्या न फिरणाऱ्या भागाला दोन बोल्टांनी एक ब्रॅकेट बसतं, त्यातून डिस्क फिरते, डिस्कच्या दोन बाजूंना दोन पॅड, आणि वरून कॅलिपरचा तो ओबडधोबड लोखंडी पंजा. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर ढकलतो, पॅड अडला की कॅलिपर स्वतःच दोन पिनांवर मागे सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. म्हणजे मेहनत एकाची आणि चिमटा दोन्हीकडून. या पिना गंजल्या तर सगळंच अडलं. भंगारातून आलेल्या सिएराच्या पिना अर्थातच गंजलेल्या होत्या. साहेबांनी त्या पॉलिश पेपरने घासून आरशाजोग्या केल्या आणि त्यांना रबराला चालणारं वेगळं ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबरी टोप्या फुगतात, असं म्हणून त्यांनी साध्या ग्रीसचा डबा माझ्यापासूनही लांब ठेवला.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत सारावा लागतो. नवरा मदतीच्या भावनेने शिकंजा घेऊन पुढे झाला. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असते, पिस्टनच्या पोटात स्क्रू असतो. ढकलून तो जात नाही, दाबून फिरवत आत न्यावा लागतो. जोर केला तर आतलं काहीतरी मोडतं. साहेबांनी खिशातून लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा काढला, त्याच्या प्रत्येक बाजूला वेगळे दात. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचेत ते बसवून ते पावपाव फेरा फिरवत राहिले. नवरा शिकंजा घेऊन तसाच उभा राहिला. शिकंजा हातात असलेल्या माणसाला तो कुठे ठेवावा हे लवकर सुचत नाही.

होज जिथे कॅलिपरला जोडतात तिथे तांब्याचा वायसर लागतो. हा वायसर मऊ असला तर दबून फट बुजवतो. एकदा दबला की कडक होतो, म्हणून दर वेळी नवा घालावा. नवा वायसर काही पेनींना मिळतो. साहेब जुनाच वायसर चिमट्यात धरून लालबुंद तापवतात आणि गार होऊ देतात. तांबं पुन्हा मऊ पडतं. हे काम ते स्वयंपाकघरातल्या गॅसवर करतात, मडमबाई फोनवर असताना. माझी आजी मेणबत्त्यांची बुडखं वितळवून नवी मेणबत्ती करायची. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण या देशात मला पहिल्यांदा घरी आल्याचं समाधान मिळालं ते त्या गॅसपाशी.

आट्यांचं प्रकरण मात्र निराळं. सिएराचे कॅलिपर मेट्रिक: दहा मिलिमीटरचा नट, एक मिलिमीटरचे आटे. पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर साहेबांनी घेतला तो एका जुन्या इंग्रजी गाडीचा, इंची: तीन अष्टमांश. दोन्ही नट हातात घेतले तर जुळे भाऊ. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. एका इंचात याचे चोवीस आटे आणि त्याचे पंचवीसच्या जरा वर. इंची नट मेट्रिक भोकात सुरसुर जातो, घट्ट झाल्याचा आवही आणतो, आणि कधीतरी कोणी जीव खाऊन ब्रेक मारला की आटे सोडून बाहेर येतो. म्हणून साहेबांनी दोघांना दोन वेगळ्या बरण्यांत कोंडलं आहे. हा देश रस्ता मैलांत मोजतो, पेट्रोल लिटरने भरतो आणि बिअर पाइंटने पितो. त्याचे नट सरळ वागतील अशी अपेक्षा करणंच चूक.

आता हवा. याबाबतीत आमच्या घरात ज्ञानाची कमतरता नाही. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्याने तिथल्या तिथे फोनवर वाचून पास्कलचा नियम समजावून सांगितला. बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. द्रव दबत नाही, म्हणून पायाचा जोर थेट पिस्टनपर्यंत जातो. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर आधी तो दबतो, आणि पायाचा जोर त्याच्या सरबराईत खर्च होतो. हे सगळं खरं आहे. फक्त पाय ठेवणाऱ्याला ते पास्कलच्या आधी कळतं. हवा असलेलं पेडल टम्म फुगलेल्या पुरीवर पाय पडावा तसं लागतं. हवा नसलेलं पेडल वर कुठेतरी येऊन ठाम उभं राहतं आणि पुढे जायला नकार देतं. आणि सगळ्यात लबाड तिसरं: पहिल्यांदा दाबलं की खाली जातं, लगेच पुन्हा दाबलं की वर येतं. कोल्हापूरला उद्यमनगरात आमच्या फियाटखाली झोपलेला मिस्त्री याला ‘दोन हाणंचा ब्रेक’ म्हणायचा. समोर एसटी आली तर दुसरी हाण कवा मारणार, असं तो वडिलांना विचारायचा.

त्या मिस्त्रीकडेच माझा पाय तयार झाला. तो खालून ओरडायचा, “दाबा ताई, दाबा! धरा! धरलंय का? सोडा!” पद्धत सगळीकडे तीच आहे. ब्रेकवरच्या हवा काढायच्या निपलवर रिंग पाना चढवायचा, निपलच्या तोंडाला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. पेडल दाबलं जात असताना निपल पाव फेरा उघडायचा. बुडबुडे बरणीत निघतात. पेडल तळाला पोचलं की तसंच धरायचं, निपल बंद करायचा, आणि मगच पाय सोडायचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर गेलेली हवा मुरडून परत आत. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. इथे स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, म्हणून मागचं डावं आधी.

सगळं कामच हुकमाचं आहे. आणि इथेच साहेबांचं घोडं पेंड खायला लागलं. या पिढीच्या इंग्रज माणसाला शेजारच्या बाईला ‘दाबा’ म्हणता येत नाही. चाकामागून आवाज यायचा, “आता, तुमची काही हरकत नसेल तर, अगदी सावकाश, जरासं दाबायला सुरुवात केलीत तर…” वाक्य संपेपर्यंत मी तळाला पोचलेली असायची आणि निपल बंदच. पुढच्या वेळी निपल उघडा असायचा आणि वाक्य चालू. त्याहून घातक होतं ते ‘थँक यू’. पेडल तळाला गेलं की साहेब सवयीने “थँक यू” म्हणायचे. आभार मानले म्हणजे कार्यक्रम संपला, या समजुतीवर माझं सगळं सार्वजनिक जीवन गेलेलं. पाय वर आलाच. निपल उघडा. बरणीतून गुटुक असा आवाज. मग खालून एक लांबलचक शांतता, आणि त्यानंतर “सॉरी”, आणि तेही त्यांचंच.

यावर साहेबांनी तोडगा काढला, तो त्यांच्या कारखान्याच्या दिवसांना शोभणारा होता. हुकूम द्यायचाच नाही. चासीवर पान्याने ठोकायचं. एक ठोका म्हणजे दाबा, दोन म्हणजे सोडा. नळ्यांच्या चासीतून ठोका थेट सीटच्या पत्र्यात येतो. ऐकायची गरज नाही, बसल्या जागी कळतो. काम एकदम सुरळीत झालं. त्यांना उद्धट व्हावं लागेना, मला आभार ऐकावे लागेनात. टण्‌, दाबा. टण्‌टण्‌, सोडा. अर्धा तास गॅरेजमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. मडमबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, आमचं भांडण झालं. पान्याची पकड निसटून तो चासीवर आपटायचा तेव्हा तेवढा घोटाळा व्हायचा. आणि ब्रेक ऑइलने बुळबुळीत झालेल्या हातातून पाना निसटतोच.

आता टाकी. वर मास्टर सिलिंडरला ऑइलची छोटी टाकी असते, आणि हवा काढताना तिच्यातलं ऑइल झपाट्याने उतरतं. ती रिकामी झाली तर वरूनच हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे या कामाला खरं तर तीन माणसं लागतात: एक हात, एक पाय आणि एक डोळा. डोळ्याच्या जागी आम्ही नवऱ्याची नेमणूक केली. टाकीवर वर-खाली अशा दोन रेघा होत्या, आणि खालच्या रेघेच्या आत ऑइल गेलं की ‘थांबा’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम. डॉट ४ हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. कोरडं असताना ते किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पुरेशी ओल प्यायलं की ती हमी १५५ वर येते, आणि उकळलं की वाफ, वाफ म्हणजे पुन्हा पुरी. म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही, आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. हे सगळं नवरा आम्हाला वाचून दाखवत होता. फार रंगून वाचत होता. तेवढ्यात टाकीने तळ गाठला आणि पाइपात एक घोरणं ऐकू आलं.

साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

सगळं पहिल्यापासून केलं. पुढची दोन चाकं लगेच जमली. मागची जमेनात. बरणीत बुडबुडे यायचे थांबले, नळीत ऑइल निखळ दिसायला लागलं, साहेब म्हणाले झालं, नवरा म्हणाला सिद्धांताप्रमाणे झालंच पाहिजे, आणि माझ्या मोज्याखाली पुरी तशीच. मी म्हटलं, आत हवा आहे. दोघांनी बरणी उजेडात धरून मला दाखवली. मी म्हटलं, आहे. बरणी आणि पाय यांच्यात वाद झाला तर पायाचं ऐकावं, कारण उतारावर बरणी बसणार नाही. पण दोन पुरुष आणि एक बरणी एका बाजूला असल्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. मी बूट घालून घरी आले आणि आमटीला फोडणी दिली.

रात्री उशिरा शेजारच्या गॅरेजच्या दाराखालून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. पुढच्या शनिवारी मी गेले तर कॅलिपर जागेवर होते, पॅड जागेवर होते, सगळं तसंच होतं. फक्त डाव्या कॅलिपरवर खडूने लिहिलेला ‘आर’ पुसून तिथे ‘एल’ लिहिला होता, आणि उजव्यावर ‘एल’चा ‘आर’ झाला होता. पुसलेल्या खडूची पांढरी छाया अजून तिथेच होती. मी वाकून पाहिलं. निपल आता कॅलिपरच्या माथ्याशी होता.

इतकंच झालं होतं. हे कॅलिपर डाव्याचे उजवीकडेही बिनतक्रार बसतात; बोल्ट जुळतात, डिस्क फिरते, पॅड दाबतात. फक्त निपल खाली जातो. हवा मात्र वरच राहते. मग निपलमधून कितीही ऑइल काढा, बुडबुडा आपला माथ्यावर आरामात बसलेला. हँडब्रेकची केबल जोडायची राहिली होती, नाहीतर तिनेच चुगली केली असती. या गाड्यांत कधी जागाच अशी असते की निपल वर आणताच येत नाही. मग कॅलिपर सोडून हातात सरळ धरतात, पिस्टन बाहेर उडू नये म्हणून डिस्कऐवजी लाकडाचा तुकडा पॅडमध्ये अडकवतात, हवा काढतात आणि परत बसवतात. साहेबांना ते करावं लागलं नाही, नुसती अदलाबदल पुरली. हवा वर जाते हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. नवऱ्याने तर ते पास्कलच्या ओघात दोनदा सांगितलंही होतं, गाडीखाली न वाकता.

त्या खडूबद्दल आजवर चकार शब्द निघालेला नाही. साहेब बोलले नाहीत, मी विचारलं नाही. उद्यमनगरात असं झालं असतं तर मिस्त्रीने पोऱ्याला, पोऱ्याने दुकानदाराला आणि सगळ्यांनी मिळून गाडी बनवणाऱ्या कंपनीला शिव्या दिल्या असत्या, आणि संध्याकाळपर्यंत मन स्वच्छ झालं असतं. इथे टण्‌ वाजलं, मी दाबलं. टण्‌टण्‌, सोडलं. पाचसहा वेळा मोठमोठे बुडबुडे निघाले असावेत, कारण चाकामागून एकदा “आह” असं ऐकू आलं. मग पेडल वर आलं आणि उभं राहिलं. मी पायावर सगळा भार टाकला. हललं नाही. साहेब उठून आले, दारापाशी थांबले आणि त्यांनी फक्त भुवया वर केल्या. मी मान डोलावली.

घरी बांधलेली मोटार इथे सरकारी परीक्षेला बसवावी लागते. २००९ पासून ती ‘आयव्हीए’ नावाने ओळखली जाते, आणि तिची धास्ती इथल्या बिल्डर लोकांना आपल्या दहावीच्या गणिताहून जास्त असते. ब्रेकमध्ये ते मुख्य एक बघतात: जोरात दाबल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत, नाहीतर गाडी गरकन फिरते. हलक्या गाडीला मागे सिएराचे जबर ब्रेक लावले की नेमका हाच धोका. आदल्या आठवड्यात साहेबांची झोप उडाली होती. डिस्कची गरज नव्हती, असं मडमबाई त्यांना ऐकवत नव्हत्या, आणि न ऐकवण्याचाच त्यांना जास्त त्रास होत होता.

परीक्षक किडकिडीत आणि शांत होता. त्याने ब्रेक तपासले, हँडब्रेक तपासला, ऑइलच्या टाकीचा इशारा देणारा दिवा लागतो का बघितलं, आणि सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. मग त्याने १०० मिलिमीटर व्यासाचा गोल काढला आणि तो गाडीच्या अंगाखांद्यावरून फिरवायला लागला. हा गोल बाहेरच्या ज्या ज्या भागाला टेकेल त्याची धार किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी, म्हणजे धडकलेल्या माणसाला कापणार नाही. मागच्या मडगार्डाच्या पट्टीवर एका नटाची प्लॅस्टिकची टोपी ट्रेलरवर येताना उडाली होती. गोल त्या नटाला टेकला. साहेब नापास झाले.

टोपी लावून फेरपरीक्षेत पास झाले. भाग निरनिराळ्या गाड्यांचे, म्हणून नंबर ‘क्यू’चा मिळाला. इथले लोक त्या ‘क्यू’ला नाकं मुरडतात, साहेब छाती फुगवतात. उन्हाळाभर रविवारी सकाळी ती गाडी आमच्या गल्लीतून आवाज करत जायची, मडमबाई शेजारच्या सीटवर डोक्याला रुमाल बांधून, हात डॅशबोर्डवर घट्ट. ऑक्टोबरात साहेबांनी ती विकायला काढली. जाहिरातीत पहिल्याच ओळीत होतं, ‘मागेही डिस्क ब्रेक.’ घेणारा तरुण आला, चाकाच्या जाळीतून डिस्क बघून खूश झाला आणि पैसे मोजून घेऊन गेला. मडमबाईंनी रिकामं गॅरेज झाडून घेतलं, भिंतीला शेल्फ ठोकलं, आणि त्यावर जॅमच्या बरण्या मांडल्या.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्यांच्या दारात व्हॅन थांबली. दोन माणसांनी ताडपत्रीखालून गंजलेला मागचा ॲक्सल उतरवला. मडमबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी पडदा ओढला नाही, हात केला नाही. आत गेल्या, आणि शेल्फावरच्या बरण्या एकेक करून घरात न्यायला लागल्या.